वेब पेजवर फिरतं थ्रीडी मॉडेल: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादर-टॉवेलचे कारखानदार, फर्निचरवाले, आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करणारी मुलं, गावच्या मंदिराची नोंद ठेवू पाहणारे अभ्यासक असे वेगवेगळे लोक आमच्याकडे विचारायला येतात, पण प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत. आमचा आग्रह एकच आहे आणि तो बऱ्याच उत्तरांत दिसेल. मॉडेल तुमच्या कॉम्प्युटरवर कसं दिसतं, हे नंतर बघू. कुर्डुवाडीच्या एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या साध्या फोनवर ते उघडतं का, हे आधी बघायचं.

फिरवता येणारं मॉडेल आणि वस्तूचा व्हिडिओ यात फरक काय?

व्हिडिओत कॅमेरा दुसऱ्या कुणीतरी फिरवलेला असतो. तुम्हाला खुर्चीचा मागचा जोड बघायचा असेल आणि त्याने तो दाखवला नसेल, तर विषय संपला. मॉडेलमध्ये वस्तूचा आकारच फाइलमध्ये असतो. छोट्या छोट्या त्रिकोणांची एक जाळी असते, तिला मेश म्हणतात. त्या जाळीवर रंग आणि पोत सांगणारी चित्रं चढवलेली असतात, ती टेक्स्चर. बघणारा बोट फिरवेल तसं फोनची ग्राफिक्स चिप त्या क्षणी नवीन चित्र काढते. त्यामुळे कुठून आणि किती जवळून बघायचं, हे बघणारा ठरवतो.

टेबलावर वस्तू गोल फिरवून काढलेले तीस-चाळीस फोटो एकामागोमाग दाखवण्याची पद्धत वेगळी. तिला बरेच जण थ्रीडी म्हणतात, पण ते फोटोच असतात. काही वस्तूंना मात्र तीच पद्धत जास्त शोभते. दागिने आणि काचेची भांडी ही त्यातली ठळक उदाहरणं.

बघणाऱ्याला ॲप किंवा प्लगइन घ्यावं लागतं का?

नाही. १९९० च्या दशकात व्हीआरएमएल नावाचा प्रकार होता, त्याला प्लगइन लागायचं. २०११ मध्ये क्रोनोस ग्रुप या ग्राफिक्सची मानकं ठरवणाऱ्या संघटनेने वेबजीएलची, म्हणजे ब्राउझरमध्ये थ्रीडी काढण्याच्या मानकाची, पहिली आवृत्ती आणली आणि थ्रीडी थेट ब्राउझरमध्ये आलं. आयफोनवर ते २०१४ पासून चालतं. आता वेबजीपीयू नावाचा पुढचा टप्पाही आला आहे. क्रोममध्ये तो २०२३ साली सुरू झाला, पण एक वस्तू फिरवून दाखवायला त्याची गरज नाही.

माझ्या मालासाठी मॉडेल करावं का? खरं सांगा.

स्वतःला एक प्रश्न विचारा: दुकानात आलेलं गिऱ्हाईक ही वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करतं का? करत असेल तर मॉडेलचा उपयोग आहे. खुर्ची, कपाट, पंप, व्हॉल्व्ह, बूट, पितळी समई, कोरीव दगड या वस्तू मॉडेलमुळे जास्त कळतात. शेंगा चटणीच्या पाकिटाला मॉडेलची काहीच गरज नाही. तिथे चटणीचा जवळून काढलेला एक स्वच्छ फोटो आणि तिखट किती आहे हे सांगणारं एक वाक्य पुरतं. आमच्याकडे असं काम आलं तर आम्ही तसं स्पष्ट सांगतो.

फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये हवी?

जीएलबी. जीएलटीएफ या मानकाचं हे एका फाइलमध्ये बांधलेलं रूप आहे. आकार, टेक्स्चर, ॲनिमेशन सगळं त्यात मावतं. जीएलटीएफची दुसरी आवृत्ती २०१७ ची आहे आणि २०२२ मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जाही मिळाला. ओबीजे या फॉरमॅटमध्ये आधुनिक मटेरियल, म्हणजे पृष्ठभागाचा रंग-चमक सांगणारी माहिती, नीट जात नाही. एसटीएल थ्रीडी प्रिंटरसाठी ठीक, पण त्यात टेक्स्चरच नसतं. एफबीएक्स ब्राउझरसाठी बनलेलं नाही. तुमच्याकडे यातलं काहीही असलं तरी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उघडून जीएलबी काढता येतं. ब्लेंडर फुकट आहे आणि २.८० आवृत्तीपासून ही सोय त्यातच आहे.

पानावर बसवायचा सगळ्यात सोपा मार्ग कोणता?

तीन मार्ग आहेत. स्केचफॅबसारख्या साइटवर मॉडेल चढवून तिथला एम्बेड कोड आपल्या पानावर चिकटवणं हा पहिला. कॉलेजच्या प्रोजेक्टला हे झकास, पण तुमचा माल दुसऱ्याच्या घरात राहतो आणि त्यांचे नियम बदलले की तुम्हाला बदलावं लागतं.

दुसरा मार्ग म्हणजे गुगलने तयार केलेला मॉडेल-व्ह्यूअर हा मुक्त घटक. पानात फोटोचा टॅग लिहितो तसा एक टॅग लिहायचा, त्यात जीएलबी फाइलचा पत्ता द्यायचा, एक स्क्रिप्ट जोडायची. फिरवणं, झूम, सावली, लोड होईपर्यंत दिसणारं पोस्टर चित्र हे सगळं तयार मिळतं. दुकान, शोरूम, संग्रहालय अशा दहापैकी आठ कामांना आम्ही हेच सुचवतो.

तिसरा थ्री-जेएस. ही २०१० पासूनची जावास्क्रिप्ट लायब्ररी. घराच्या मॉडेलमध्ये भिंती लपवायच्या, मशिनचे भाग सुटे करून दाखवायचे, प्रकाशाची दिशा बघणाऱ्याने बदलायची, असं काही वेगळं हवं असेल तर ती घ्या. त्यासाठी प्रोग्रॅमिंग येणारं माणूस लागतं आणि पुढची दोन वर्षं ते माणूस हाताशी असेल याची खात्रीही लागते.

फाइल किती एमबीची असावी?

एका वस्तूला आम्ही तीन ते पाच एमबी धरतो. हिशोब साधा आहे. गर्दीच्या वेळी मोबाइलवर सेकंदाला चार मेगाबिट मिळत असतील तर आठ एमबीच्या फाइलला सोळा सेकंद लागतात. सोळा सेकंद पांढऱ्या चौकटीकडे बघत बसणारं गिऱ्हाईक आम्हाला अजून भेटलेलं नाही.

वजन दोन ठिकाणी असतं, जाळीत आणि टेक्स्चरमध्ये. पाच लाख त्रिकोणांची जाळी साधारण चौदा एमबी भरते. त्यावर दोन उपाय, आणि ते याच क्रमाने करायचे. आधी त्रिकोण कमी करा. ब्लेंडरमधला डेसिमेट मॉडिफायर लावा आणि वस्तूची बाह्यरेषा बिघडायला लागेपर्यंत खाली या. बहुतेक वस्तू एक लाखाच्या आत नीट बसतात. मग ड्रॅको कॉम्प्रेशन लावा. ब्लेंडरच्या एक्स्पोर्ट खिडकीतच त्याची खूण आहे. चौदा एमबीची जाळी त्याने दोनेक एमबीवर येते, कधी त्याहूनही कमी.

ड्रॅकोची एक अडचण आठवणीत ठेवा. ती जाळी उलगडायला डीकोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम लागतो आणि मॉडेल-व्ह्यूअर तो इंटरनेटवरून आणतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर स्टॉल लावलात, गर्दीत नेटवर्क बसलं, तर तुमच्या लॅपटॉपवरचंच मॉडेल उघडणार नाही. स्टॉलसाठी ड्रॅको न लावलेली वेगळी प्रत ठेवा आणि मॉडेल-व्ह्यूअरची स्क्रिप्टही लॅपटॉपवरच उतरवून घ्या.

फाइल तीन एमबीची केली, तरी फोन अडकतो. का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि फारच कमी लोक तो विचारतात. फाइलचं वजन वेगळं आणि फोनच्या मेमरीत पडणारं वजन वेगळं.

टेक्स्चरचं चित्र जेपीईजीमध्ये दोन एमबीचं असेल. पण ग्राफिक्स चिपला जेपीईजी वाचता येत नाही, तिला प्रत्येक पिक्सेल उलगडून द्यावा लागतो. ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलचं एक चित्र उलगडलं की ६४ एमबी होतं. लांबून बघण्यासाठी त्याच्याच लहान लहान प्रती बनतात, त्या धरून सुमारे ८५. एका मटेरियलला रंग, नॉर्मल (उंचसखलपणा) आणि रफनेस (खरखरीतपणा) अशी तीन चित्रं लागली तर अडीचशे एमबी. सोफ्याच्या कापडाला, लाकडाला, उशीला आणि पायांना वेगवेगळी मटेरियल दिली तर एक जीबी. चार जीबी रॅमचा फोन इथे मान टाकतो. ब्राउझर पान पुन्हा लोड करतो, पुन्हा अडकतो, आणि मग ‘काहीतरी चुकलं’ असा निरोप देतो.

आता तेच चित्र २०४८ चं करा. ६४ चे १६ होतात. १०२४ चं करा, चार एमबी. फोनच्या पडद्यावर सोफ्याचा पाय बोटभर दिसतो, त्याला १०२४ सुद्धा जास्त आहे. पुढची पायरी म्हणजे केटीएक्स-२ नावाचं टेक्स्चर. ते चिपच्या मेमरीतही दाबलेलंच राहतं. जीएलटीएफ-ट्रान्सफॉर्म हे फुकटचं साधन तसं रूपांतर करून देतं. ज्यांना कमांड लिहून काम करायची सवय आहे त्यांनी ते जरूर शिकावं.

सोलापुरी चादर आणि टर्किश टॉवेल यांचं मॉडेल कसं करायचं?

भौगोलिक मानांकन मिळालेला हा माल आहे, तेव्हा त्याचं मॉडेल घाईघाईत केलेलं बघवत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चादर सपाट असते. सपाट ठेवली तर मॉडेलला अर्थ उरत नाही, फोटोच बरा. ती घडी घालून, पलंगावर टाकून किंवा दांडीवर लोंबती दाखवा. ब्लेंडरच्या क्लॉथ सिम्युलेशनने चुण्या आणि झोळ मिळतो. चादर जाड असते, तेव्हा सिम्युलेशनमध्ये कापड कडक ठेवा. ओढणीसारखं मऊ ठेवलं की चादर हाताळलेला माणूस लगेच ओळखतो.

नक्षीसाठी फोटो काढू नका. कारखान्यात जॅकार्डसाठी केलेला नक्षीचा ग्राफ कॉम्प्युटरवर असतोच, तोच घ्या. त्यातला प्रत्येक चौकोन म्हणजे धाग्यांचा छेद आहे, इतकी नेमकी प्रतिमा कुठलाही कॅमेरा देणार नाही. रंग मात्र ग्राफमधले घेऊ नका, ते ओळखीपुरते असतात. विणलेल्या चादरीच्या तुकड्याचा फोटो सावलीत, ढगाळ उजेडात, कलर कार्ड शेजारी ठेवून काढा आणि तो रंग ग्राफमध्ये भरा.

विणीचा पोत वेगळा द्यायचा. चादरीचा वितभर तुकडा साध्या स्कॅनरवर स्कॅन करा, त्यातून चारी बाजूंनी जुळणारी एक फरशी बनवा आणि ती चादरभर पुन्हा पुन्हा वापरा. छोटं चित्र, मेमरी कमी, आणि जवळ गेलं तरी धागा दिसतो. लांबून बघताना विणीत लाटा चमकायला लागल्या तर पोताची तीव्रता कमी करा.

काही चादरींत मागच्या बाजूला रंग उलटे येतात. गिऱ्हाईक नेमकी तीच बाजू उलटून बघतं. अशा चादरीला दोन पृष्ठभाग द्या, पुढच्याला एक चित्र, मागच्याला दुसरं. दोघांत अर्धा-एक मिलिमीटर अंतर ठेवा, नाहीतर दोन्ही एकाच जागी भांडतात आणि चादर लुकलुकते.

टॉवेलचे लूप एकेक करून बनवायला जाऊ नका. लाखो लूप होतात आणि ब्राउझर बसतो. नॉर्मल मॅपने उंचसखलपणा द्या आणि जीएलटीएफमधला शीन हा गुण लावा. कडेने बघितल्यावर कापडावर जी मऊ झाक येते ती शीनमुळे येते. ती नसली की टॉवेल प्लॅस्टिकचा वाटतो.

एकाच नक्षीचे सहा रंग असतील तर सहा फाइली करू नका. जीएलटीएफमध्ये व्हेरियंटची सोय आहे. आकार एकच, त्यावर चढवायची मटेरियल अनेक. पानावर रंगांची बटणं द्या, दाबलं की चादर रंग बदलते.

शेवटचं रंगाबद्दल. वेबवर मरून फिका, पिवळा मातकट दिसत असेल तर टोन मॅपिंग, म्हणजे मॉडेलवरचा उजेड पडद्याच्या रंगांत बसवण्याची पद्धत, तपासा. सिनेमासारखा लूक देणारी पद्धत गडद रंग धुऊन काढते. क्रोनोसने २०२४ मध्ये खास मालाचे रंग टिकवण्यासाठी न्यूट्रल टोन मॅपर काढला आहे, मॉडेल-व्ह्यूअरच्या नव्या आवृत्तीत तोच असतो. तरीही फोनाफोनात रंग बदलतो. पानावर तसं एक वाक्य लिहा, म्हणजे परत आलेल्या मालावरून वाद होणार नाहीत.

ब्लेंडरमध्ये सुरेख दिसतं, वेबवर पांढरंफटक. काय झालं?

बहुधा तुम्ही लाकूड किंवा संगमरवर ब्लेंडरच्या नोड्समधून, गणिताने बनवलं आहे. ते नोड्स जीएलबीमध्ये जात नाहीत. ते बेक करा, म्हणजे पृष्ठभागावर दिसतं ते साध्या चित्रात उतरवा, ते चित्र ब्लेंडरच्या प्रिन्सिपल्ड शेडर या मटेरियलला जोडा, मग एक्स्पोर्ट करा. काही भाग गायब होत असतील तर नॉर्मल, म्हणजे त्रिकोणांची तोंडं, उलटी आहेत, ती बाहेरच्या दिशेने करून घ्या.

हत्तरसंग कुडलच्या शिल्पाचं मॉडेल फोटोंवरून करता येईल का?

येईल, आणि करायलाच हवं असं आम्हाला मनापासून वाटतं. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथलं बहुमुखी शिवलिंग हे थ्रीडीसाठीच जणू घडवलं आहे. शेकडो छोटी मुखं चारी बाजूंनी कोरलेली, म्हणजे एका फोटोत ते कधीच पूर्ण दिसत नाही. तिथल्या संगमेश्वर मंदिरातला शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेखही असाच. त्याची अक्षरं समोरून उजेड पडला की दगडात विरून जातात.

पद्धतीला फोटोग्रॅमेट्री म्हणतात. वस्तूभोवती फिरत भरपूर फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा सत्तर-ऐंशी टक्के भाग यायला हवा. खालच्या उंचीवरून एक फेरी, डोळ्याच्या उंचीवरून एक, वरून एक. मेशरूम किंवा कोलमॅप ही फुकटची सॉफ्टवेअर त्यातून जाळी उभी करतात. मेशरूमला सविस्तर जाळीसाठी एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं, हे कॉम्प्युटर घेण्याआधीच बघा. महागड्या आयफोनमधला लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर, खोलीच्या भिंती मोजायला चांगला, पण कोरीव काम त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

उजेड सगळ्यात महत्त्वाचा. एप्रिल-मेच्या दुपारी सोलापूरच्या उन्हात काढलेल्या फोटोंत काळीभोर सावली दगडाच्या रंगात कायमची बसते, मग मॉडेल कसंही फिरवा, ती सावली सोबत फिरते. पावसाळ्यातला ढगाळ दिवस किंवा सूर्य वर यायच्या आधीचा अर्धा तास गाठा. दुसरी अडचण चकाकीची. तेल-तुपाने गुळगुळीत झालेला काळा पाषाण चमकतो, आणि चमक प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी दिसते. सॉफ्टवेअर गोंधळतं आणि तिथे खड्डे पडतात. लेन्सवर आणि दिव्यावर पोलरायझर लावला तर चमक बरीच मरते. मूर्तीवर पावडर वगैरे मारण्याचा विचारही नको.

सॉफ्टवेअरला वस्तूचं माप कळत नाही, म्हणून शेजारी एक मोजपट्टी ठेवून काही फोटो घ्या. तयार झालेली जाळी कित्येक लाख त्रिकोणांची असते. ती तशीच जपून ठेवा आणि वेबसाठी हलकी प्रत बनवा. हलकी करताना जाड जाळीतला बारकावा नॉर्मल मॅपमध्ये बेक करून घ्या, नाहीतर अक्षरं पुसली जातात.

शिलालेखासाठी पानावर एक सोय नक्की द्या: रंगाचं टेक्स्चर बंद करायचं बटण, आणि प्रकाश बाजूने सरकवायची पट्टी. रंग गेला की डाग, शेवाळ, शेंदूर सगळं जातं आणि तिरप्या उजेडात कोरीव रेषेच्या काठावर सावली उभी राहते. जे अक्षर प्रत्यक्ष तिथे उभं राहून लागत नाही ते कधी कधी इथे लागतं. थ्री-जेएसमध्ये हे एका माणसाचं एका दिवसाचं काम आहे. आमच्या मते वेबवरच्या थ्रीडीचा याहून चांगला उपयोग दुसरा नाही.

परवानगी लागते का?

चालू पूजेच्या मंदिरात ट्रस्टची किंवा पुजाऱ्यांची परवानगी आधी घ्या, आणि गाभाऱ्याला नाही म्हणाले तर तो विषय तिथेच सोडा. भुईकोट किल्ल्यासारख्या संरक्षित ठिकाणी ट्रायपॉड, ड्रोन किंवा व्यावसायिक चित्रण असेल तर पुरातत्त्व खात्याला लेखी विचारावं. अर्जात मॉडेल कुठे प्रसिद्ध होणार आणि डाउनलोड करता येणार की नाही हेही लिहा.

गाऊसियन स्प्लॅटिंग ऐकलं, ते वापरू का?

२०२३ पासून गाजत असलेली पद्धत आहे. त्रिकोणांऐवजी लाखो धूसर रंगीत ठिपके. झाडं, पाणी, काच यांचं दृश्य त्यात अप्रतिम येतं. सिद्धेश्वर तलावाकाठचा परिसर दाखवायला छान. पण त्यात पक्का पृष्ठभाग नसतो, त्यामुळे माप घेणं आणि प्रकाश बदलणं जमत नाही. नोंद ठेवायची असेल तर जाळीच करा.

आमच्याकडे मशिन पार्टची कॅड फाइल आहे. तीच टाकू?

तीच नको. स्टेप या कॅड फॉरमॅटच्या फाइलमध्ये तुमचं प्रत्येक भोक आणि प्रत्येक माप नेमकं असतं. फ्रीकॅड या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडून जीएलटीएफ काढता येतं, पण त्याआधी आतले भाग, आटे, टॉलरन्सशी संबंधित बारकावे काढून टाका. गिऱ्हाइकाला बाहेरचा आकार, फ्लँज कुठे आणि हँडल कुठल्या बाजूला एवढंच बघायचं असतं. बोल्टचे आटे काढले तरी त्रिकोण निम्म्याने कमी झालेले आम्ही पाहिले आहेत.

वेबवर टाकलेलं मॉडेल कुणी चोरेल का?

चोरू शकतो. जे ब्राउझरमध्ये दिसतं ते ब्राउझरपर्यंत पोचलेलं असतं, आणि जे पोचलं ते जाणकार माणूस उतरवून घेऊ शकतो. कुलूप लावल्याचा दावा करणाऱ्यांना पैसे देऊ नका. ज्या फाइलवरून माल बनवता येईल ती फाइल वेबवर ठेवायचीच नाही, हा खरा उपाय.

घरच्या कॉम्प्युटरवर पान डबल क्लिक केलं तर मॉडेल दिसत नाही. सर्व्हरवर टाकलं तरी नाही!

दोन्हींची कारणं वेगळी. घरी डबल क्लिकने उघडलेल्या पानाला ब्राउझर सुरक्षेसाठी शेजारची फाइल वाचू देत नाही. व्हीएस कोड या एडिटरमधलं लाइव्ह सर्व्हर एक्स्टेन्शन वापरा, लगेच दिसेल.

सर्व्हरवर दिसत नसेल तर आधी फाइलचं नाव बघा. विंडोजला इंग्रजी मोठी आणि लहान लिपी सारखीच, बहुतेक सर्व्हर लिनक्सवर असतात आणि त्यांना ती वेगळी. नावं कायम लहान लिपीत आणि मोकळी जागा न सोडता लिहा. मॉडेल दुसऱ्या डोमेनवर ठेवलं असेल तर त्या सर्व्हरने कॉर्सची, म्हणजे दुसऱ्या साइटच्या पानाला फाइल वाचू देण्याची, परवानगी द्यावी लागते.

वर्डप्रेस तर जीएलबी फाइल चढवूच देत नाही, हा प्रकार चालत नाही म्हणतं. तो प्रकार मान्य करून घ्यावा लागतो, किंवा होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून थेट फोल्डरमध्ये टाकावी.

फुकट कुठे ठेवता येईल?

विद्यार्थ्यांनी गिटहब पेजेस वापरावं. एक फाइल शंभर एमबीपर्यंत चालते, पण दुकानदारीसाठी ते नाही. क्लाउडफ्लेअर पेजेसवर एका फाइलला २५ एमबीची मर्यादा आहे, आणि तेवढी फाइल तुम्ही करणारच नाही. व्यवसायाला साधं पैशाचं होस्टिंग घ्या आणि महिन्याची डेटा मर्यादा विचारा: पाच एमबीचं मॉडेल हजार जणांनी बघितलं की पाच जीबी गेले.

एका पानावर वीस मॉडेल्स ठेवू का?

ठेवू नका. वीस फोटो ठेवा आणि दाबलं की त्या वस्तूचं मॉडेल उघडू द्या. ब्राउझर एका वेळी ठरावीकच थ्रीडी खिडक्या चालू ठेवतो, क्रोममध्ये साधारण सोळा. त्यापुढे गेलं की जुन्या बंद पडतात. मॉडेल-व्ह्यूअर सगळ्या मॉडेल्सना मिळून एकच खिडकी वापरत असल्याने तिथे ही मर्यादा आडवी येत नाही, पण डेटा तर सगळ्यांचाच उतरतो.

मोबाइलवर पान खाली सरकवायला गेलं की मॉडेलच फिरतं.

मॉडेलची उंची पडद्याच्या दोन तृतीयांशाच्या आत ठेवा आणि उभं सरकवणं पानाला, आडवं सरकवणं मॉडेलला, अशी वाटणी करा. मॉडेल-व्ह्यूअरमध्ये त्यासाठी एक गुणधर्म आहे.

पलंगावर चादर कशी दिसेल हे गिऱ्हाइकाच्या खोलीत दाखवता येतं म्हणतात?

येतं. मॉडेल-व्ह्यूअरमध्ये एआर, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणाऱ्या खऱ्या खोलीत वस्तू ठेवून दाखवणं, चालू केलं की बटण येतं. गुगलचं एआरकोर चालणाऱ्या अँड्रॉइड फोनवर जीएलबीच वापरलं जातं. आयफोनला यूएसडीझेड हे वेगळं फॉरमॅट लागतं, ते दिलं नसेल तर मॉडेल-व्ह्यूअर स्वतः बनवून देतो. माप मीटरमध्येच हवं. ९० इंच लांबीची चादर म्हणजे २.२९ मीटर. सेंटिमीटरचे आकडे तसेच राहिले तर चादर सव्वादोनशे मीटरची होऊन खोलीच्या बाहेर जाते आणि गिऱ्हाइकाला फक्त करडा रंग दिसतो.

मॉडेलवर मराठी नावं कशी लिहायची?

थ्री-जेएसच्या थ्रीडी अक्षरांत मराठी लिहिलंत तर जोडाक्षरं तुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात, कारण ते एकेक अक्षर सुटं मांडतं. म्हणून नावपट्ट्या नेहमी साध्या एचटीएमएलमध्ये, मॉडेलच्या वर तरंगत्या ठेवा. मॉडेल-व्ह्यूअरमध्ये याला हॉटस्पॉट म्हणतात. कोनशिलेसारखी कोरीव अक्षरंच हवी असतील तर इंकस्केपमध्ये लिहा, पाथमध्ये बदला आणि एसव्हीजी ब्लेंडरमध्ये आणा.

मॉडेलला शब्दांत वर्णनही द्या. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन ते वाचून दाखवतो. खाली दोन-तीन परिच्छेद मराठीत लिहा, कारण गुगलला जीएलबीच्या आतलं वाचता येत नाही.

खर्च कशावर ठरतो?

सॉफ्टवेअरवर जवळपास काही नाही. पैसे लागतात माणसाच्या वेळेला: आकार बनवणं, टेक्स्चर, हलकं करणं, फोनवर तपासणं. कोटेशन घेताना त्यात शेवटची दोन कामं लिहिलेली आहेत का बघा. एका शोरूमला शंभर एमबीची मॉडेल्स देऊन कुणीतरी पैसे घेऊन गेलं होतं, ती सगळी आम्ही पुन्हा हलकी केली. करारात फाइलचं वजन, टेक्स्चरचा आकार, कुठल्या फोनवर उघडायला हवं आणि मूळ ब्लेंडर फाइल कुणाची, एवढं लिहून घ्या.

पाच-दहा वर्षांनी हे मॉडेल उघडेल का?

जीएलबी उघडेल असं मानायला जागा आहे, ते खुलं मानक आहे. पान कदाचित मोडेल, ते पुन्हा बांधता येतं. जे पुन्हा मिळणार नाही ते म्हणजे मूळ साहित्य: फोटोग्रॅमेट्रीचे सगळे मूळ फोटो, जाड जाळी, ब्लेंडर फाइल, चादरीचा ग्राफ. त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवा, सोबत एका साध्या मजकूर फाइलमध्ये तारीख, जागा, कॅमेरा, मापाची पट्टी किती सेंटिमीटरची होती आणि परवानगी कुणी दिली हे लिहा. वर्षातून एकदा त्या डिस्क जोडून फाइली उघडतात का बघा.